सात नंबरची वीट

पोलादाच्या कारखान्यात माझ्या शब्दाला वजन होतं. ते मी एकदा मेव्हण्यावर टाकलं, आणि ते आजतागायत माझ्या मनातून उतरलेलं नाही. बायकोला यातलं काहीच माहीत नाही.

मी वीटमिस्त्री. वितळलेलं पोलाद ज्या अवाढव्य बादलीतून नेतात तिला लॅडल म्हणतात. तिला आतून विटांचं अस्तर मी लावायचो. नवी वीट वीतभर जाड. दर खेपेला ती थोडी झिजते, चार बोटांवर आली की लॅडल बाद. ती वेळ आली की नाही हे मी आत डोकावून सांगायचो, आणि साठ खेपांपुढे मी एकीलाही जाऊ दिलं नव्हतं.

मेव्हणा बर्नरवर होता. रिकामी लॅडल गार पडू नये म्हणून तासन्‌तास तिच्यात गॅस जाळत बसायचा. एक दिवस म्हणाला, रिकामी असताना वर झाकण ठेवलं तर गॅस वाचेल, आणि सारखं गार-गरम होऊन विटा तडकतात तेही थांबेल. मी सगळ्यांसमोर त्याला सुनावलं की ही अक्कल तुझ्या बहिणीच्या पातेल्यावर चालव. लोक पोट धरून हसले. पठ्ठ्यानं मात्र भंगारातून झाकण बनवलंच, आणि साहेबांनी सात नंबरच्या लॅडलवर चाचणी मंजूर केली.

साठावी खेप झाली. मी आत डोकावलो. विटा ठणठणीत होत्या. आता हा सगळ्यांसमोर खरा ठरणार, एवढंच डोक्यात आलं आणि मी म्हणालो, "बाद."

साहेबांनी विश्वास ठेवला. अस्तर गार झाल्यावर मीच उभं राहून फोडून घेतलं. सात बोटं वीट शिल्लक होती. जेवणाच्या सुट्टीआधी सगळं मलब्यात गेलं, झाकण परत भंगारात. मेव्हणा चकार शब्द बोलला नाही, आणि पुन्हा कधी काही सुचवायलाही गेला नाही. तेच मला जास्त टोचतं.

अकरा वर्षांनी, आम्ही दोघंही निवृत्त झाल्यावर, कारखान्यानं बाहेरून झाकणं आणली. आता म्हणे लॅडल नव्वद खेपा चालते, गॅस निम्मा लागतो आणि मलब्याचा ढीगही आटलाय. हे कानावर आलं तसं मला घरात चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मेव्हण्याकडे गेलो.

तो चहा टाकत होता. वाटेत जुळवलेलं सगळं मी विसरलो.

"सात नंबर बाद नव्हती," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

त्यानं गॅस बारीक केला. "ठाऊक आहे, भाऊजी. त्याच दिवशी मलब्यावर जाऊन आलो होतो मी."

मग बोलला का नाहीस, मी विचारलं.

"तुमची नोकरी गेली असती. ताईचा संसार होता."

त्याच्याकडे बघवेना. मी जायला उठलो. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली एक काळपट वीट लावलेली होती. अकरा वर्षं मी ती पायानं सरकवत त्या घरात ये-जा केली होती. उकिडवा बसलो, तिच्या जाडीवर बोटं ठेवून मोजली. सात भरली.

"बसा, चहा झालाय," तो आतून म्हणाला. मला काही उठता येईना.