सतरंजीवरचा माणूस

"खाली घ्या म्हणते ना मी. बाजेवर दाबलं तर बाजच दबती. मामांना भुईवर घ्या."

फोनच्या पलीकडे एका म्हाताऱ्या बाईनं हंबरडा फोडला.

महादेवीनं कपाळाला हात लावला. हे व्हायचंच होतं. शिरूर कासारच्या त्या वस्तीवर काय किंवा जिल्ह्यात दुसरीकडे कुठं काय, माणसाला बाजेवरून उचलून भुईवर घेतात ते एकदाच. त्यानंतर त्याला परत बाजेवर ठेवत नाहीत. मदत केंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्यात मात्र पहिलंच वाक्य होतं, 'रुग्णास कठीण व सपाट पृष्ठभागावर उताणे झोपवावे.' तक्ता लिहिणाऱ्याच्या गावात माणसं बहुधा टेबलावर मरत असावीत.

केंद्र एका धर्मादाय संस्थेचं होतं, बीडमध्ये साड्यांच्या दुकानाच्या वर. दोन फोन आणि दोन ॲम्ब्युलन्स. महादेवी मूळची युसूफ वडगावची, वाण्याच्या घरातली. दुकानात बसून बारा गावच्या गिऱ्हाइकाशी बोलायची सवय, तेवढ्यावर तिला ही नोकरी मिळाली होती. तिच्या सांगण्यावरून अनोळखी माणसांनी अनोळखी छात्या दाबल्या होत्या. त्यातले किती वाचले ते तिला माहीत नव्हतं. वाचलेल्याच्या घरचे फोन करत नाहीत. गेलेल्याचे करतात.

"तुझं नाव काय?"

"मोहिनी. सून हाय मी. मालक ऊसतोडीला गेलेत, कर्नाटकात. ताई, मामा मधीच आचका देतेत. म्हंजी श्वास हाय की!"

"आचका म्हंजी श्वास न्हवं. स्पीकर लाव. तितं बाप्या माणूस कोण हाय?"

"मी हाय, म्हाळू. हिच्या सासऱ्याचा, रामहरीचा, चुलतभाऊ," एक घोगरा आवाज आला. "ओ बाई, जित्या माणसाला खाली घ्या म्हन्ता? त्याचा ल्योक तिकडं, अन् आमी हिकडं त्याला भुईवर घालावं? लोकं तोंडात शेण घालतील."

"आबा, भुईवर न्हाई. सतरंजी टाका. सतरंजीवर घेतलेला माणूस भुईवर घेतलेला धरत न्हाईत."

पलीकडे विचार झाला.

"असं हाय व्हय?"

"शास्त्रात हाय."

हे कुठल्याही शास्त्रात नव्हतं. महादेवीनं ते मागं कधीतरी अशाच एका फोनवर स्वतः रचलं होतं, आणि आता ते जिल्ह्याच्या निम्म्या तालुक्यांत पाळलं जात होतं.

रामहरीला सतरंजीवर घेतलं.

"मोहिनी, छातीच्या मधोमध हात ठेव, एकावर एक. भाकरीचं पीठ मळतीस ना, तळहाताच्या बुडानं? तसं. पर कोपरात वाकू नको, अंगाचा भार दे."

"मामांच्या अंगाला हात कसा लावू, ताई? समदे बगतेत."

"मग त्या समद्यांपैकी कुणी लावतं का इचार."

मोहिनीला विचारावं लागलं नाही. म्हाळू आबा म्हणाला की त्याचे हात कापतात. दुसरा कुणीतरी कांदा फोडून आणायला निघून गेला. कांदा हुंगवायचा होता.

"पदर खोच," महादेवी म्हणाली. "मोज माझ्यासंगं. एक, दोन, तीन, चार..."

मोजणी सुरू झाली. आधी महादेवीचा आवाज पुढे होता, मग दोघींचा बरोबर आला. मागून सासूचं, विमलबाईचं रडणं चालूच होतं.

"ताई! आत कायतरी कटकन मोडलं!"

"बरगडी आसंल. जुळती ती. थांबू नको."

"अय्यो, मी मारलं का वं त्यांना?"

"थांबलीस तर मरतेल. मोज."

मोहिनी मोजत राहिली. तिला धाप लागली, आकडे चुकले, पण हात थांबले नाहीत. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर दुसऱ्या फोनवर म्हणाला, फाट्यावर आलोय. त्याच वेळी महादेवीनं तो आवाज ऐकला. एक जाडाभरडा कण्हण्याचा आवाज, भर दुपारी उगाच झोपमोड केल्यावर माणूस काढतो तसा.

"मामा कण्हले! ताई, हात हालवला!"

"बास, आता दाबू नको. श्वास चालतोय का बग. कुशीवर वळव, अन् हलवू नका कुणी. गाडी आलीच."

गाडी आलीच. पण दुसरी. शेजारच्या वस्तीवर लग्नाला आलेले अमरसिंह दादा गलका ऐकून स्वतःची गाडी घेऊन आले होते. निवडणूक जवळ होती आणि दादा कुणाच्याही दुःखाला उशिरा पोचत नसत.

"उचला रे! काय बघत बसलाय बे? घ्या गाडीत!"

"आबा, त्यांना नेऊ नका!" महादेवी ओरडली. "ॲम्ब्युलन्स फाट्यावर हाय. परत आचके लागले तर गाडीत दाबता येणार न्हाई!"

"बाई, दादा सोता आलेत," म्हाळू आबा तिची समजूत घालत म्हणाला.

फोन सतरंजीवर तसाच पडून राहिला. महादेवीनं पुढचं सगळं ऐकलं. दारं उघडली. कुणीतरी म्हणालं, "आडवं कशाला? बसवा नीट, दादांच्या शेजारी." दारं लागली. गाडी गेली. मग जवळून मोहिनीचा आवाज आला, फोनवर बोलत नसल्यासारखा.

"मला घेतलंच न्हाई गाडीत."

रामहरी दादांच्या शेजारी ताठ बसूनच वाटेत गेला. दहाव्याला वस्तीच्या तोंडाशी बॅनर लागला: 'अखेरच्या क्षणी स्वतःच्या गाडीतून धावून जाणारे नेतृत्व.' रामहरीचा फोटो त्यात होता, खालच्या कोपऱ्यात.

केंद्राकडे तक्रार आली, म्हाळू आबाच्या अंगठ्याची. 'आपल्या येथील महिलेने जिवंत इसमास खाली घेण्यास भाग पाडल्याने तो दगावला.' केंद्राचे प्रमुख अमरनाथ सर यांनी महादेवीला बोलावलं. संस्थेची दुसरी ॲम्ब्युलन्स दादांच्या हस्ते आली होती, हे त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवरच्या फोटोतून दिसत होतं.

"महादेवीबाई, तक्त्यात सतरंजी कुठं आहे?"

"न्हाई, सर."

"मग आली कुठून?"

"सर, रेकॉर्डिंग ऐका. ते कण्हलेले ऐकू येतेत."

"माणूस गेलाय ना? मग आता ऐकून काय करायचं?"

महादेवीला सक्त ताकीद मिळाली आणि तक्त्यात एक ओळ वाढली: 'सतरंजीचा वापर टाळावा.'

तेरावं झाल्यावर एके दिवशी सकाळी फोन आला. मोजणीतला आवाज महादेवीनं लगेच ओळखला.

"ताई, तुमीच का त्या?"

तातडी नसलेला फोन लगेच बंद करायचा, असा नियम होता.

"बोल, मोहिनी."

"सुतकात शेजारनी भाकरी आणायच्या. आज पयल्यांदा पीठ मळाया बसले, तर हात आपसूक मोजाया लागले. मालक तेरावं करून परत तोडीला गेले. सासूबाई माज्या हातचं खात न्हाईत. म्हन्त्यात, ह्याच हातांनी मारलं. समदी वस्ती म्हन्ती, हिनं जित्या माणसाला खाली घेतलं. खरं सांगा, ताई. मी खाली घेतलं तवा मामा जिते होते, का गेलते?"

महादेवीला कळत होतं की सोपं उत्तर एकच आहे: ते आधीच गेलते, तुझ्या हातात काही नव्हतं. त्या उत्तरानं मोहिनी सुटली असती. दादांची गाडीही सुटली असती.

"तू खाली घेतलं तवा ते गेलते, मोहिनी," ती म्हणाली. "तुज्याकडनं उचलून नेलं तवा जिते होते. मी कानानं ऐकलंय."

पलीकडे परात सरकल्याचा आवाज आला.

"हे मी कुणाला सांगू?"

महादेवीला या वेळी नवीन शास्त्र सुचलं नाही.

"बरं," मोहिनी शेवटी म्हणाली. "पीठ वाळाया लागलं."

तिनं फोन बंद केला नाही, चुलीशेजारी ठेवला असावा. महादेवीनंही केला नाही. पीठ मळण्याचा आवाज येत राहिला, दमानं, सारख्या अंतरानं. मग परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला. एक भाकरी. तव्यावर पडली.

दुसरीचा आवाज आला नाही.