केसाएवढी फट

मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि गाडी तरीही पुढे घसरत राहिली.

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर होती. काय झालं हे तिला कळण्याआधी बोटांना कळलं. क्लच दाबला गेला, चाक सुटलं, स्कूटर एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे झोकांडली आणि बंद पडलेलं इंजिन घेऊन उतारावरून नुसतीच वाहत निघाली. मागून खडीचा ट्रक येत होता. त्याचा हॉर्न तिच्या पाठीत शिरला. आरशात बघायचं धाडस तिला झालं नाही. तिने हँडल कडेला वळवलं, गाडी खडीवरून खडखडत कठड्याला जाऊन टेकली, तेवढ्यात ट्रक शेजारून गेला. वाऱ्याने तिची पिशवी उलटी फडफडली.

ती उतरली. ती कठड्यावर बसली. खाली, टेकडीच्या पायथ्याशी, पाणी शुद्ध करण्याच्या ठाण्याच्या चार गोल टाक्या दिसत होत्या. सकाळी सातला भोंगा व्हायचा. भोंग्याच्या आत तिला तिथे पोचून पहिल्या टाकीचं पाणी तपासायला घ्यायचं असे. इंजिन टिकटिक करत गार होत होतं. जळक्या तेलाचा वास येत होता. दहा मिनिटांनी तिने किक मारली, तर पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. चोरी करून साळसूदपणे दारात उभं राहावं तशी.

ही दुसरी खेप होती. आठ दिवसांपूर्वी, उतार संपता संपता असंच झालं, तेव्हा तिने दोष स्वतःला दिला होता. ब्रेक जोरात दाबला असेल, लक्ष नसेल. पण त्या दिवसापासून तिची दोन बोटं क्लचवरून हलली नव्हती. आणि आज दोष द्यायला ती स्वतः उरली नव्हती.

दोष कुणाचा हे तिला ठाऊक होतं. ते बोलणं म्हणजे अवघड जागचं दुखणं होतं.

गाडी नवऱ्याने जुनी घेतलेली, लहान इंजिनाची. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. घरापासून ठाण्यापर्यंत मध्ये टेकडी. चढावर गाडीचा जीव जायचा. पहिल्या गिअरवर सुद्धा ती माणसाच्या चालीने चढायची, आणि मागे खाणीचे ट्रक ओळीने भुंकत यायचे. एकदा तिने घरी येऊन हे सांगितलं. सासरे जेवता जेवता थांबले.

"इंजिन मोठं करू," ते म्हणाले.

सासरे चाळीस वर्षं लेथवर होते. कारखान्यात त्यांना झिरोमास्तर म्हणत, कारण त्यांनी बसवलेल्या कामात फट शून्य. खालचा साहेब वरच्या साहेबाला त्यांचं काम दाखवायला घेऊन यायचा. सासूबाई म्हणायच्या, "शाळेतही शून्य, कारखान्यातही शून्य. एवढ्या शून्यांपुढे एखादा आकडा ठेवला असता देवाने, तर बंगला झाला असता."

निवृत्त झाल्यापासून ते खिडकीत बसून असत. पण त्या आठवड्यात घरात वेगळाच माणूस वावरत होता. ते जुन्या कारखान्यात गेले, कुणाकुणाला भेटून तासाभरासाठी लेथ मागून घेतला. मोठ्या गाडीचा पिस्टन आणला आणि स्कूटरचा ब्लॉक, ज्याच्या पोटात पिस्टन वरखाली होतो तो, आतून कापून त्या मापाचा केला. पिस्टन आत सरकवला तेव्हा त्यांनी तिला बोलावून दाखवलं. पिस्टन स्वतःच्या वजनाने खाली जात नव्हता. बोटाने हलकेच ढकलला की रेशमासारखा सरकायचा.

"बघ," ते म्हणाले, "केससुद्धा जाणार नाही मधून."

दुसऱ्या दिवशी गाडी टेकडी अशी चढली की तिला हसू फुटलं. एकही ट्रक मागे भुंकला नाही. म्हणूनच आता बोलणं कठीण होतं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासरे फाटकापाशीच उभे होते.

"कशी चालते?"

"छान."

"चढावर दुसरा गिअर घेते ना?"

"घेते की."

"अहो, तिला आत तरी येऊ द्या," सासूबाई आतून ओरडल्या. "एवढी विचारपूस माझ्या गुडघ्यांची केली असती, तर मी पण दुसऱ्या गिअरवर चालले असते."

रात्री जेवताना तिच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडली होती. तिने हात मांडीवर ठेवला.

उतार संपायच्या जरा अलीकडे एक गॅरेज होतं. पत्र्याची टपरी, एक स्टूल, टायरांची उतरंड. मंगळवारी सकाळी तिने घरून लवकर निघून गाडी तिथे उभी केली आणि काय होतं ते सांगितलं. गॅरेजवाला तरुण नव्हता, म्हातारा नव्हता. तोंडात काडी ठेवून बोलायचा. त्याने ऐकून घेतलं आणि काडी बाहेर काढली.

"ताई, मागे कुणाला बसवत जाऊ नका आधी. संध्याकाळी या."

ती ठाण्यावर एका टेम्पोतून गेली. संध्याकाळी परत आली, तेव्हा ब्लॉक आणि पिस्टन फडक्यावर मांडलेले होते. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते, मांजराने ओरबाडल्यासारखे.

"दोनदा पकडलाय, आतच जाम. हा एक, हा दुसरा." त्याने नखाने दाखवलं. "काम कुणी केलं?"

"सासऱ्यांनी."

"लेथवाले?"

"झिरोमास्तर म्हणतात त्यांना."

गॅरेजवाल्याने हात पँटला पुसले. मग ब्लॉक उचलून उजेडाकडे धरला.

"माझा काका त्यांच्या हाताखाली होता. ताई, खरं सांगू? असं काम मी जन्मात केलं नाही, करणारही नाही. आणि तेच चुकलंय. नवरीच्या बोटात अंगठी घट्ट बसवली, दिसते झोकदार, पण बोट सुजलं की? हे इंजिन आहे. चढावर तापतं, पिस्टन फुगतो. पुढे उतारावर तुम्ही रेस सोडता. यात तेल पेट्रोलबरोबरच जातं, रेस बंद तर तेलही बंद. कोरडा, फुगलेला पिस्टन, आणि फुगायला जागाच ठेवलेली नाही. पकडणार नाही तर काय करणार?"

"दुरुस्त होईल?"

"पिस्टन घासून घेतो, ब्लॉक आतून थोडा उघडतो. केसाएवढीसुद्धा नाही, त्याहून कमी फट. तासाचं काम आहे."

ती फडक्याकडे बघत राहिली.

"त्यांना कळता कामा नये," ती म्हणाली.

"मी कशाला सांगतोय? त्यांच्यापुढे उभं राहून 'मास्तर, तुमचं काम चुकलं' म्हणायचं? माझा काका मला घरात घेणार नाही."

त्या दिवसानंतर गाडी एकदाही अडली नाही. पण भीती गेली नाही. पहिल्या वळणावर जिथे गाडी कठड्याला टेकली होती, तिथे तिचा श्वास आपोआप बंद व्हायचा. संध्याकाळी फाटकापाशी सासरे उभे असायचे, "कशी चालते?" म्हणून विचारायचे, आणि ती "छान" म्हणायची. तिला वाटायचं, हल्ली ते जरा जास्त वेळ थांबतात, तिच्या उत्तरानंतरही. मग आत जातात.

शनिवारी ती घरी आली, तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर दुसऱ्याच गाडीचा ब्लॉक होता. सासरे चष्मा कपाळावर चढवून आतून माप घेत होते. समोर नर्सबाई चहा पीत बसल्या होत्या. त्या पलीकडच्या गल्लीत राहत आणि घरोघरी जाऊन आजाऱ्यांना औषध-इंजेक्शनं देत फिरत.

"ये गं! तुझी गाडी चढावर मला मागे टाकून गेली परवा. तेव्हाच ठरवलं, मास्तरांचे पाय धरायचे. माझी म्हातारी घोडी पण पळू दे जरा."

"आज आंघोळ सुद्धा न सांगता केली यांनी," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही रोज एक ब्लॉक आणत जा बाई."

सगळे हसले. तीही हसली. पण तिची नजर नर्सबाईंच्या हातावर होती. कप धरलेला जाड, गोरा, निर्धास्त हात. नर्सबाई गाडी कशी चालवतात ते तिने पाहिलं होतं: दोन्ही मुठी करकचून आवळून, बैलगाडीचा कासरा धरावा तशा. क्लचवर बोट म्हणून नाही. मागे औषधांची पेटी, कधी कधी त्यांची आई.

"उद्याच कारखान्यात जाऊन कापून आणतो," सासरे म्हणाले. "परवा गाडी तुमच्या ताब्यात."

नर्सबाई गेल्या. फाटक वाजलं. सासऱ्यांनी ब्लॉक वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला. ती उभीच होती.  उतारावर ट्रक मागे असताना वाटली नव्हती तेवढी भीती तिला त्या टेबलापाशी वाटली.

"बाबा, हे काम करू नका."

"का?"

"माझी गाडी पकडली होती. उतारावर. मागचं चाक जाम झालं."

सासूबाईंच्या हातातली चाळणी थांबली. सासऱ्यांनी ब्लॉक खाली ठेवला, अगदी हळू, काचेचा असावा तसा.

"किती वेळा?"

"दोनदा. दुसऱ्यांदा मागे ट्रक होता."

"आणि तू?"

"क्लच दाबला."

ते तिच्याकडे बघत नव्हते. वर्तमानपत्राची घडी परत परत एकाच रेघेवर दाबत होते. तिला गॅरेजचंही सांगायचं होतं, पण एका वेळी दोन घाव कसे घालायचे?

"अहो," सासूबाई हळूच म्हणाल्या, "काही बोला की."

ते उठले आणि खिडकीत जाऊन बसले.

सोमवारी सकाळी ती बाहेर आली, तेव्हा सासरे स्कूटरपाशी उभे होते. धुतलेला शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत काहीतरी जड.

"मी मागे बसतो," ते म्हणाले.

"कुठे?"

"चल तू."

त्यांच्या मनात काय आहे ते तिला कळलं, किंवा कळलंसं वाटलं. आपल्या हातची गाडी सुनेला पाडायला निघाली, तर आपण मागे बसून बघायचं. पडायचं तर दोघांनी.  गाडी दुरुस्त झालीय हे आत्ता सांगावं, तर त्यांना कुठल्या टपरीवाल्याने त्यांचं काम सुधारलं हे ऐकावं लागेल. न सांगावं, तर हे म्हातारपण जीव मुठीत धरून टेकडी उतरणार. तिने किक मारली.

दोघांना घेऊन गाडी सावकाश चढली.  माथ्यावर वारा होता. उतार सुरू झाला तेव्हा त्यांचा हात तिच्या खांद्यावर आला. तिने रेस सोडली. पहिलं वळण. कठडा. आणि काहीच झालेलं नसताना, इंजिन नीट चालत असताना, तिच्या दोन बोटांनी क्लच दाबला.

गाडी मोकळी सुटली आणि खाली धावली. खांद्यावरची बोटं मांसात रुतली. तिने ब्रेकने वेग आवरला, क्लच सोडला, गाडी पुन्हा इंजिनाच्या ताब्यात आली.

"पकडली?" कानापाशी त्यांचा आवाज आला. तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

"नाही बाबा. बोटंच दाबतात. आपोआप."

"रोज?"

"रोज. इथे आलं की."

पुढचं वळण गेलं. हात खांद्यावर तसाच होता, पण आता धरून नव्हता, नुसता ठेवलेला होता.

"गॅरेजवाल्याने किती काढलं?" त्यांनी विचारलं.

तिच्या हातातलं हँडल किंचित हललं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मंगळवारी गाडी फाटकातनं आत आली, तेव्हाच आवाज वेगळा होता. मला वाटलं, माझं काम तुला पसंत पडलं नाही. म्हणून रोज विचारत होतो."

"मग सरळ का नाही विचारलंत?"

"तू सरळ सांगत नव्हतीस, मी कुठून विचारू?" जरा वेळाने ते म्हणाले, "पकडते हे मला ठाऊक नव्हतं, पोरी. ते ठाऊक असतं तर..." पुढचं वाऱ्याने नेलं, किंवा ते बोललेच नाहीत.

टपरीपाशी ती थांबली. गॅरेजवाला तिला बघून उठला आणि मागे कोण आहे ते पाहून त्याने तोंडातली काडी फेकून दिली. स्टूल फडक्याने पुसून पुढे सरकवलं.

"बसा मास्तर."

सासरे स्टुलावर बसले नाहीत. धुतलेल्या कपड्यांनिशी ते तेलाने काळ्या झालेल्या मातीत उकिडवे बसले, पिशवीतून नर्सबाईंचा ब्लॉक काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"याला किती फट ठेवायची?"

"मी काय सांगणार तुम्हाला?" गॅरेजवाला कसनुसं हसला. "तुमच्यापुढे मी म्हणजे..."

"ते राहू दे," सासरे म्हणाले आणि शर्टाच्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "किती ते सांग. आणि गरम झाल्यावर किती उरते, तेही."

खाली ठाण्यावर सातचा भोंगा वाजला. तिने गाडी बंद करून स्टँडवर लावली.