राखणीचा टाका

कोट सोमवारी सकाळी आला, इतर कपड्यांबरोबर, पिशवीत कोंबलेला. मी तो झटकला, टेबलावर पसरला आणि डाव्या कोपरापाशी माझा हात थांबला. तिथलं रफू माझं होतं.

स्वतःचं रफू ओळखायला डोळे लागत नाहीत, बोट फिरवलं की पुरे. बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावात, नवऱ्याच्या सिगारेटने पडलेलं ते भोक मी बुजवलं होतं. त्यानंतर महिन्याभरात तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन मी त्या घरातून बाहेर पडले ती आजतागायत परतलेली नाही. का पडले ते उगाळत बसत नाही. हवा बदलली की माझं डावं मनगट अजून सगळी हकिकत सांगतं, तेवढं बास आहे.

रफू मला सासूबाईंनी शिकवलं. खोलीत खिडकी एकच, टेबल तिच्याखाली, त्यामुळे त्या एका बाजूला आणि मी समोर. त्या उजवीकडून सुरू करायच्या, मला समोरून ते डावीकडून दिसायचं, आणि मी पडले अक्कलशून्य, जसं दिसलं तसं उचललं. कापड आतून पाहिलं की फरक कळतो. बाकी सगळ्यांच्या धाग्याचं शेवटचं टोक डाव्या कोपऱ्यात लपलेलं असतं, माझं उजव्या. नवऱ्याला ते कळायचं, रफूवालीचाच मुलगा तो. उलट्या हाताची, उलट्या काळजाची, असं चारचौघांत म्हणायचा.

एक गोष्ट मात्र मला कधीच दिसली नाही. रफू संपताना सासूबाई कोपऱ्याशी अंगठ्याआड काहीतरी करायच्या. विचारलं तर म्हणायच्या, राखणीचा टाका आहे, वेळ आली की शिकवीन. वेळ आली तेव्हा त्यांनी सुयांची डबी माझ्या हातात कोंबली, मागचं दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "जा. ही असली की कुठेही काम मिळेल." शिकवायला सवड कुठे होती?

आता तो कोट माझ्यासमोर होता. मी त्याचं अस्तर पाहिलं. एका बाजूने ते लांब लांब टाके घालून नुसतं टाचलेलं होतं, म्हणजे कुणीतरी ते वारंवार सोडवून आत बघत होतं. मीही सोडवलं. बगलेपासून खाली एका ओळीत नऊ रफू होती, नऊही नखाएवढे चौकोन. प्रत्येकाचा हात वेगळा. एक कुणा म्हाताऱ्याचा, नजर अधू झालेल्या माणसाचा. एक घाईतल्या मुलीचा. एक इतका सुबक की कपडा पालटून पाहावा. नऊही रफूंची टोकं डाव्या कोपऱ्यात होती, आणि त्यांच्याखाली दहावं भोक, ताजं, ब्लेडने कापलेलं.

मला समजायला वेळ लागला नाही. नवरा गावोगाव फिरत होता. नव्या गावात गेला की कोटाला भोक पाडायचं, रफूवाल्याकडे टाकायचं, परत घेताना अस्तर सोडवून टोक कुठे आहे ते बघायचं. ज्या गावात ते उजवीकडे निघेल त्या गावात मी. मी नाव बदललं होतं, केस कापले होते, बोलणंसुद्धा बदललं होतं. हात बदलायचा राहून गेला होता.

मी काम करते त्या इस्त्री-रफूच्या दुकानाच्या मालकीण म्हणजे काकू. तोंडाने फटकळ, पण पोटात ठेवायचं ते कायमचं ठेवणाऱ्या. त्यांनी सांगितलं की कोटवाला फार आदबीने बोलत होता आणि रफू करणारी बाई आहे का असं त्याने दोनदा विचारलं. काकूंनी त्याला वाटेला लावलं होतं: कारागीर आहे, काम चोख होतं, गुरुवारी चारला या. कोट तसाच परत देऊ का, असं त्यांनी मला विचारलं. पण रफूची पाटी लावलेलं दुकान रफू नाकारतंय म्हटल्यावर त्याला आणखी काय पुरावा हवा होता? दुसरा रफूवाला या गावात नव्हता.

मी त्या दुपारी बॅग काढली. मुलगी शाळेतून आली, बॅगेकडे बघितलं आणि दप्तर न उतरवता दारातच उभी राहिली. ही तिची पाचवी शाळा. मी सगळं सांगितलं, तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी नाही येणार," ती म्हणाली. "तुला जायचं तर जा. मला आता कुठल्याच वर्गासमोर नवी मुलगी म्हणून उभं राहायचं नाहीये."

मला तिचा राग आला, मग तिची दया आली, आणि मग लाज वाटली, कारण तिचं खरं होतं. मी बॅग परत पलंगाखाली सरकवली.

मंगळवारी आणि बुधवारी मी चिंध्यांवर इतरांसारखं सरळ रफू करायला बसले. बारा वर्षं पोट भरणारी बोटं मख्खासारखी बसून राहिली. चार ओळी जमायच्या आणि पाचव्या ओळीला हात आपल्या वळणावर जायचा. कोट मी घरी आणून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. बाह्या कोपरात वाकलेल्या होत्या, जणू आत हात आहेत. दर थोड्या वेळाने मी उठून त्या सरळ करायचे आणि पुन्हा पाहिलं की त्या वाकलेल्या असायच्या. जुन्या कापडाला मोड पडते हे मला माहीत होतं, हाच तर माझा धंदा, पण तिसऱ्या वेळेनंतर मी उठायचं सोडलं.

बुधवारी संध्याकाळी मुलीने माझ्या हातातली चिंधी ओढून घेतली. "दे इकडे. मी करते."

तिला रफू मीच शिकवलं होतं, सुट्ट्यांत, याच टेबलावर. आमच्याही खोलीला एकच खिडकी. ती माझ्या समोर बसायची. तिने चिंधीवर चौकोन विणला, उलटवला आणि मी बघतच राहिले. टोक डाव्या कोपऱ्यात. माझं उलटं तिने समोरून उचललं होतं आणि ते पुन्हा सरळ झालं होतं. इतकी वर्षं तिचं काम उलटवून बघायची तसदी मी घेतली नव्हती, ही माझी हुशारी.

गुरुवारी तिला शाळेला अर्धी सुट्टी होती. दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो. मी कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे उपसून दिले, ती विणत गेली. शेवटच्या चार ओळी राहिल्या तेव्हा काकूंनी हाक मारली. एक गिऱ्हाईक इस्त्रीसाठी खोळंबलं होतं. मी पुढे गेले, तीन शर्ट मारले आणि परत आले तोवर काम झालं होतं. मुलगी सुई डबीत ठेवत होती आणि स्वतःचा उजवा हात डाव्याने चोळत होती. मी घाईघाईने अस्तर टाचलं.

तो चारला आला. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मुलीला मागच्या खोलीत बसवून मी पडद्यामागे, हँगरवरच्या कपड्यांत उभी होते. बारा वर्षांत तो रोड झाला होता, केस विरळ झाले होते, पण उभा राहायची ढब तीच. माझं मनगट ठणकायला लागलं.

तो कोट घेऊन दाराच्या उजेडात गेला. नखाने टाके उसवले. अंगठा आधी उजव्या कोपऱ्यावर गेला. तिथे काही नव्हतं. त्याचे खांदे उतरले आणि मी श्वास सोडला.

मग अंगठा डावीकडे सरकला, कोपऱ्याच्या किंचित बाहेर गेला आणि थांबला. त्याने कोट डोळ्यांजवळ नेला.

"हे कुणी केलं?"

काकूंनी शांतपणे सांगितलं, कारागिराने.

"म्हातारी बाई आहे का?"

"माझ्याशिवाय इथे म्हातारं कुणी नाही," काकू म्हणाल्या, "आणि मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

तो हसला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "हा राखणीचा टाका आहे," तो म्हणाला. "आईशिवाय कुणाला येत नव्हता. आईला जाऊन चार वर्षं झाली."

त्याची नजर पडद्याकडे आली. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. तो बघत होता माझ्या जरा डावीकडे, खाली, बसलेल्या माणसाचं डोकं असतं तेवढ्या उंचीवर. तिथे नुसते कपडे लटकत होते. त्याने कोट दोन्ही हातांनी हळूच काउंटरवर ठेवला, न वळता पावलापावलाने मागे सरकत दारापर्यंत गेला आणि निघून गेला. कोट न्यायला तो परत आला नाही, ना त्या आठवड्यात, ना त्यानंतर.

तो गेल्यावर मी तिथेच खाली बसले आणि रडले. भीती सरली म्हणून नव्हे. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. दर वेळी नवं गाव लागलं, नवं काम मिळालं की मी मनातल्या मनात त्यांना सांगायचे, आई, जमलं बघा. त्यातलं चार वर्षांचं सांगणं ऐकायला कुणी नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं.

डोळे पुसून मी कोट मागच्या खोलीत नेला आणि खिडकीशी उलटा धरला. चौकोनाच्या बाहेर, डाव्या कोपऱ्यापलीकडे, एक बारीकसा तिरका टाका होता. बुजवलेलं भोक पुढे वाढू नये म्हणून घातलेला, इतका साधा. मी मुलीला विचारलं, हा कुणी शिकवला तुला?

ती माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी तिची थट्टा करतेय.

"तूच की," ती म्हणाली. "आत्ता नाही का मागे येऊन हात धरून दाखवलास? केवढा गार होता तुझा हात."

पुढच्या खोलीतली इस्त्री अजून तापलेली होती, तिचा वास येत होता. मी टेबलाकडे पाहिलं. माझी खुर्ची एका बाजूला, तिची दुसऱ्या, नेहमीसारखी. मी पुढे झाले. माझी खुर्ची उचलली, वळसा घालून तिच्या शेजारी आणून ठेवली आणि तिच्या उजव्या बाजूला बसले. मागची जागा मी मोकळी सोडली.

"मला नीट दिसलं नव्हतं," मी म्हटलं. "परत एकदा दाखव."