मुकादमाचा डबा

आमच्या लाँड्रीत उद्याची पाळी आज संध्याकाळी कळते. फोनवर यादी येते. पहिली, दुसरी नाहीतर रात्रपाळी, जी पदरात पडेल ती. वरच्या लोकांना वाटतं, त्यात काय, उठायचं आणि यायचं. अहो, पण घरात चवळी भिजत घातलेली असते! ती काय तुमची यादी वाचून भिजते? सकाळी शिजवू म्हणून भिजत घालावी, तर नेमकी पहिली पाळी लागते. परत येऊन बघावं तर पातेल्यावर फेस आणि घरभर वास. गेली मोरीत. भाजीचंही तेच. मी सुटते तेव्हा मंडई मिटलेली असते, उघडं असतं फक्त कोपऱ्यावरचं दुकान. तिथे अंडी घेतली तर वाटतं, या भावात कोंबडी पण द्यायला हवी होती. पगार हातात येतो तसाच येतो हो, पण टिकत नाही. अर्धा त्या दुकानदाराच्या घशात आणि उरलेल्यातला बराचसा मोरीत.

काम म्हणाल तर हॉस्पिटलच्या चादरी. धुऊन येतात, पिळून येतात, आणि मी त्या गरम रोलरमध्ये सरळ घालते. दिवसभर वाफ. घरी आले की अंगाला साबणाचा वास येतो, आणि त्या वासावरून सासूबाई ओळखतात की मी आले. डोळ्यांनी ओळखणं त्यांचं संपलंय. साखरेनं त्यांची नजर खाल्ली.

आम्ही दोघीच राहतो. माझा नवरा गेला, म्हणजे त्यांचा मुलगा. तो असताना आमचं दोघींचं एकाही बाबतीत कधी पटलं नाही. तो गेला आणि आम्ही एकमेकींच्या वाट्याला आलो. मला माहेर नाही, त्यांना दुसरं लेकरू नाही. भांडण आजही होतं. पण भांडायलाही घरात कुणीतरी लागतंच की.

माझ्या जिवाला घोर एकच होता, सासूबाईंचं संध्याकाळचं जेवण. इन्सुलिनची सुई त्या स्वतः घेतात. पेनासारखी असते ती, मागचं टोक फिरवलं की कट्कट् वाजते, आवाज मोजून घेतात, चुकत नाहीत. पण सुई घेतल्यावर लगेच पोटात काही गेलं नाही, तर साखर एकदम खाली येते. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "सुई घेतली आणि जेवल्या नाहीत, तर माणूस हातचा जाईल. त्या वेळी घरात कुणीतरी पाहिजे." कोण पाहिजे, ते त्यांनी सांगितलं नाही. मी सोडून होतं कोण? सासूबाईंना गॅस पेटवायची बंदी, एकदा पदर पेटवून घेतला होता. खालच्या मजल्यावरची शेजारीण माझ्यासारखीच पाळ्या करते. अख्खी इमारतच तशी, एक तर कामावर नाहीतर झोपलेली. मला पहिली पाळी हवी होती, कायमची. संध्याकाळी ताट वाढून समोर बसायचं, बस्स, एवढंच.

पाळ्या लावतो मुकादम. त्याच्याकडे मी दोनदा गेले. म्हणाला, "वहिनी, सगळ्यांना पहिलीच पाहिजे. मग रात्री चादरी काय भुतं धुणार?"

ही गोष्ट मी घरी सांगितली. सासूबाईंनी विचारलं, "बायको कुठे असते त्याची?"

"गावी. इथे एकटाच आहे. बाहेरचं खातो आणि पोट धरून बसतो."

"मग झालं तर! त्याला डबा दे." म्हातारी पलंगावर सावरून बसली. "तुझ्या हाताला चव नाही, पण मी सांगते तसं कर."

बघा, काम माझं, पैसे माझे, आणि चव मात्र त्यांच्या हाताची! पण खरं सांगायचं तर तसंच होतं. नजर गेली तरी नाक शाबूत होतं. पलंगावरूनच हुकूम सुटायचे: "कांदा अजून कच्चा आहे... आता लसूण... अगं करपेल, उतरव!" मी चिडायचे आणि उतरवायचे. पहिल्या दिवशी अंड्याचं कालवण नेलं. मुकादम डब्याला तोंड लावून रस्सा प्यायला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या टेबलावर डबा ठेवायच्या आतच त्याने हात पुढे केला.

आणि यादीत मला पहिली पाळी लागली! रोज, ओळीने. त्या दिवसांत सासूबाई समोर बसून जेवायच्या आणि आमच्यात भांडण म्हणाल तर फक्त मिठावरून. खर्च मात्र वाढला. मुकादमाच्या डब्यात कधी अंडी, कधी मटण, आणि आमच्या ताटात त्याच रश्शाचं पाणी न् भात. सासूबाई म्हणायच्या, "मला कशाला मटण? दात कुठे आहेत?" दात होते, चांगले होते. मीही सकाळचा शिळा पाव चहात बुडवून दिवस काढायचे. पोटाला चिमटा आम्ही आधीही घेत होतो, पण आता निदान कशासाठी ते ठाऊक होतं.

मग एका संध्याकाळी यादी आली आणि मी दुसऱ्या पाळीत. म्हणजे दुपारी जायचं आणि सगळं निजल्यावर यायचं. मला वाटलं चूक झाली असेल. दुसऱ्या दिवशीही दुसरीच. तिसऱ्या दिवशी मी मुकादमासमोर उभी राहिले.

"अहो वहिनी, मलाच दुसरीत टाकलंय वरच्यांनी," तो म्हणाला. "आता मुकादमांच्या पण पाळ्या फिरत्या. पण तुम्ही काळजी करू नका, मी तुम्हाला सोडणार नाही. मी जिथे, तिथे तुम्ही. बाकीच्या बायका जळतायत तुमच्यावर."

कपाळ माझं! मला पहिली पाळी कधी मिळालीच नव्हती. पहिलीत तो होता, आणि त्याला जेवण लागत होतं. मी दूर राहिले तर डबा कोण देणार?

मी तिथेच सगळं सांगून टाकलं. सासूबाईंचे डोळे, सुई, डॉक्टरीणबाई, सगळं. त्याने नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही हो, तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर तोंडावर शिव्या घालून मोकळी झाले असते. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "वहिनी, रागावू नका. पण ज्या घरातून असा डबा येतो, त्या घरात कुणी उपाशी राहील का? माझ्या डब्याबरोबर त्यांचंही ताट झाकून ठेवत जा. हाय काय न् नाय काय."

घरातलं चांगलंचुंगलं उचलून मीच त्याच्या तोंडात घातलं होतं, आणि आता त्याला आमचं घर भरलेलं दिसत होतं.

मी डबा बंद केला असता. पण डबा बंद केलेल्या बाईचं काय होतं तेही मी बघितलं होतं. माझ्या आधी एक बाई त्याला चहा-नाश्ता आणायची. आणायची थांबली, तेव्हापासून ती रात्रपाळीतून वर आलेली नाही. म्हणून मी दुसरी युक्ती केली, हात आखडता घेतला. भात कमी, रस्सा पातळ, तुकडे लहान. म्हटलं, आपोआप कंटाळेल आणि दुसरी कुणी शोधेल. रोज दुपारी सासूबाईंचं जेवण ताटात वाढून झाकून ठेवायचे आणि संध्याकाळी सुट्टीत फोन करायचे: "जेवलात?" "जेवले." एवढं ऐकलं की पुढचं काम व्हायचं.

मुकादम कंटाळला नाही. एक दिवस म्हणाला, "वहिनी, आताशा डबा जरा लहान झालाय का हो? नाही, माझं आपलं काही नाही. पण पुढच्या महिन्यात कायमच्या पाळ्या लावायच्या आहेत. कुणाला कुठे, ते मीच लिहून देणार आहे. आणि मी पहिली मागून घेतलीय."

हे मी घरी येऊन सांगितलं, रागात सांगितलं, भांडी आपटत. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. मला वाटलं झोपल्या.

दुसऱ्या दिवशी मासा आणला. महाग होता, पण पुढच्या महिन्याची गोष्ट होती, म्हणून आणला. मुकादमाला मोठे तुकडे दिले. सासूबाईंच्या ताटातल्या तुकड्यांतले काटे मात्र एक एक करून काढले. आंधळ्या माणसाला एकटं बसून मासा खायचा, घशात अडकला तर काढणार कोण? बोटांनी चाचपून चाचपून काढले. भात दोघांपुरता मोजून घातला होता, एक वाटा मुकादमाचा आणि एक त्यांचा. मी साडी बदलायला गेले तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "डबा मी भरते. तुझं झाकण घट्ट बसत नाही." म्हटलं भरा. डबा पिशवीत घातला आणि मी पळाले.

संध्याकाळची सुट्टी झाली. मुकादमाने कागद पसरला आणि डबा उघडला. मी पाण्याच्या नळाशी होते. तिथूनच त्याचा आवाज आला.

"वा, वहिनी! आज काय बेत! अहो, डबा बंद होत नसेल इतका भरलाय." मग तोंडात घास घेऊन म्हणाला, "आणि काटे पण काढून दिलेत? माझ्या आईनेसुद्धा कधी काढले नव्हते!"

मी पेला तसाच सोडला. जवळ जाऊन बघितलं. एका बाजूला त्याचे मोठे तुकडे होते आणि वर, भातावर, माझ्या बोटांनी चुरगळलेला तो मासा. सासूबाईंचं अख्खं ताट त्या डब्यात होतं.

मी फोन लावला. खूप वाजला. मग उचलला.

"आई, सुई घेतली?"

"घेतली." आवाज जड होता, झोपेतल्यासारखा.

"जेवलात?"

"जेवते ना... पाव खाते." मग बराच वेळ नुसता श्वास. "अगं, पाव सापडत नाहीये."

पाव नव्हताच. पाव दुपारी मीच संपवला होता, चहात बुडवून, उभ्या उभ्या. त्यांना ताट वाढलंय म्हणून.

"आई, साखर खा! साखर!" मी ओरडले, आणि ओरडतानाच आठवलं, साखरेची बरणी मीच वरच्या फळीवर ठेवलीय. त्या चोरून खातात म्हणून. तिकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मग फोनवर कुणीच बोलेना.

"साहेब, मला पास द्या. घरी जायचंय. आत्ताच्या आत्ता."

पासावर मुकादमाची सही लागते, त्याशिवाय फाटकातून सोडत नाहीत. त्याने उजवा हात वर करून दाखवला. बोटांना रस्सा लागलेला. "हात खरकटा आहे हो. दोन घास खातो, हात धुतो, लगेच देतो. तुमच्याच हातचं आहे, टाकू कसं?"

"डाव्या हाताने करा."

तो हसला. खरंच हसला, थट्टा वाटली त्याला. मग माझ्यात काय शिरलं कोण जाणे. मी त्याच्या पुढ्यातून डबा उचलला. त्याचा हात तसाच कागदावर राहिला, घास धरलेला. सगळ्या बायका बघत होत्या. "अहो वहिनी! अहो!" म्हणत तो उठला. मी डबा पदराखाली धरला आणि धावले. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "पास?" मी म्हटलं, "मर!" आणि कडी काढून बाहेर पडले.

सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. घामाने निथळलेल्या, ओठ पांढरे, डोळे उघडे पण कुठेच न लागलेले. मी फळीवरून बरणी ओढली, निम्मी साखर सांडली. पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांना लावली, मग चमच्याने, मग घोट घोट. शिव्या देत होते मी. त्यांना, मला, मुकादमाला, मेलेल्या नवऱ्याला, सगळ्यांना. "मरायचं होतं तर सांगायचं ना! मासा कशाला आणला मी?" बऱ्याच वेळाने त्यांच्या घशाने घोट गिळल्याचा आवाज केला. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

आता पोटात जेवण जायला हवं होतं. घरात शिजलेलं काही नव्हतं. मी डबा उघडला. एका कडेने मुकादमाने खाल्लेलं, बोटं फिरवून कालवलेलं. उरलेलं तेवढंच होतं. त्याचं उष्टं मी सासूबाईंना भरवलं. त्यांनी आयुष्यात कुणाचं उष्टं खाल्लं नव्हतं, पोटच्या मुलाचंसुद्धा नाही. सोवळंओवळं नाही हो, किळस यायची त्यांना. त्या रोजच्यासारख्या चावून चावून खात राहिल्या.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. "त्याला आवडला?"

"आवडला."

तेवढ्यात फोन वाजला. यादी आली होती. मी पहिली पाळी वाचली, दुसरी वाचली, रात्रपाळी वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. मी कुठेच नव्हते.

फोनचा आवाज सासूबाईंनी ओळखला. "कुठली लागली गं?"

मी घास त्यांच्या तोंडाशी नेला. "पहिली."

"बघ!" म्हातारीचा चेहरा उजळला. भात हनुवटीवर सांडला तो तिने हाताने पुसला. "तुला सांगत होते ना, माणसाला पोटभर घातलं की होतं काम. आता हात आखडू नकोस, बाई. मी काय, कशावरही भागवते." मग थोडा विचार करून म्हणाली, "उद्या काय करूया त्याला?"