सगळ्यात वाईट स्टूल

आमच्या डिझाइनच्या वर्गात ‘छान’ म्हणायला बंदी होती. ‘मस्त’, ‘सुंदर’, ‘आवडलं’ यांनाही. बाईंनी पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, “छान म्हणजे मला बोलायला काही नाही. बोलायला काही नसेल तर बाहेर जाऊन उभे राहा.” त्यांच्या हातात कायम स्टीलची पट्टी असायची, म्हणून त्यांचं नाव पट्टी. मी मनातल्या मनात आणखीही बरंच काही म्हणायचे.

बोलायचं ते फक्त फळ्याशेजारी टांगलेल्या शब्दांत: रेषा, आकार, पोत, प्रमाण, तोल, लय, विरोध, मोकळी जागा. दर आठवड्याला कामं भिंतीवर लागायची आणि सगळा वर्ग त्यांच्यावर तुटून पडायचा. ज्याचं काम, त्याने दाराशी उभं राहायचं आणि वर्गाचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. हा पट्टीचा सगळ्यात लाडका नियम. आपल्या पोराला चारचौघांत शिव्या बसतायत आणि आपण दाराला टेकून ऐकायचं.

गेल्या वर्षी मी तिच्याच कृपेने नापास झाले. “हिच्या कामात प्रमाण नाही आणि रागातही नाही,” असं ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. ते वाक्य मी वर्षभर चघळत होते. दादाने मोठ्या मनाने आणखी एक वर्ष दिलं. यंदा पास झाले नाही तर त्याच्या टायरच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, हे ठरलेलं. वहिनी तर गल्ल्यावरून उठायला टपलेलीच होती.

शेवटचं सबमिशन होतं वाईटात वाईट कल्पनेचं. आधी बसायची सगळ्यात वाईट वस्तू शोधायची, ती का वाईट ते एका कागदावर काढून त्या टांगलेल्या शब्दांत नेमकं दाखवायचं. मग दुसऱ्या कागदावर एकेक दोष उलटा करून त्यातूनच नवी वस्तू काढायची. माणूस चांगलं शोधायला घाबरतो, वाईट शोधायला घाबरत नाही, असं पट्टीचं म्हणणं. तेवढं मात्र तिचं खरं निघालं. मी अजिबात घाबरले नाही.

मी आमच्या स्टुडिओतलं स्टूल घेतलं. वर्गभर तीच स्टुलं होती आणि ती जणू पट्टीनेच पाळली होती. बैठक पुढे उतरती, म्हणजे माणूस सारखा घसरणार आणि सारखा मागे सरकणार. कडेची लोखंडी पट्टी मांडीत रुतायची. पाय ठेवायचा दांडा इतका वर, की गुडघे हनुवटीला लागायचे. मी ते स्टूल आडवं पाडलं, उलटं केलं, मापं घेतली. खरं सांगते, इतकं मन लावून मी आयुष्यात काही काढलं नव्हतं.

“बाईंना राग येईल गं,” माझी मावसबहीण म्हणाली. ती माझ्याच वर्गात होती आणि जन्मापासून घाबरट.

“येऊ दे की. त्यासाठीच तर चाललंय.”

“आणि दुसरा कागद?”

“तो काय, होईल.”

तो मी सबमिशनच्या दिवशी सकाळी काढला. स्टुलाला पाठ लावली, गादी लावली, कोपरे गोल केले. झालं.

माझा पहिला कागद भिंतीवर लागला आणि वर्गाला जणू सुट्टीच मिळाली. ज्याला आम्ही उंट म्हणायचो तो उठून म्हणाला, “माझ्यासारख्याने या दांड्यावर पाय ठेवायचे कसे? प्रमाणच गेलंय.” कुणी तोलावर घसरलं, कुणी पोतावर. लय कुठे आहे, तर मागे सरकण्यात आहे, असं एकजण म्हणाला आणि वर्ग खो-खो हसला. एकाही शब्दाला विश्रांती मिळाली नाही. मी दाराशी उभी, गप्प, आणि आतून गुदगुल्या.

एरवी एव्हाना पट्टीची पट्टी कागदावर टकटक करू लागायची. आज ती माझ्या शेजारी, दाराला टेकून उभी होती. हाताची घडी, ओठ मिटलेले.

शेवटी उंटच म्हणाला, “मॅडम, तुम्ही काहीच बोलत नाही?”

“ज्याचं काम, त्याने बोलायचं नाही,” पट्टी म्हणाली. “नियम आहे ना आपला.”

हसणं जागच्या जागी थांबलं. पुढच्या रांगेतलं कुणीतरी स्टुलावरून हळूच उठून उभं राहिलं.

“संपलं तुमचं? मग आता बोलते. मी शिकत होते तेव्हा केलंय हे स्टूल. भिंतीवर लागलं तेव्हा सगळे म्हणाले, छान आहे. एकानेही दुसरा शब्द काढला नाही. म्हणून मग वर्गभर हीच बनवली.” ती माझ्याकडे वळली. “दुसरा कागद लाव.”

मी लावला.

सगळ्यांची नजर त्या टांगलेल्या शब्दांवरून फिरत होती आणि एकही शब्द हाताला लागत नव्हता. उंट खाली बघत होता. मला वाटलं, शिव्या द्या, पण काहीतरी बोला.

“छान आहे,” मावसबहीण म्हणाली. मला वाचवायला म्हणाली. तिचा गळा दाबावासा वाटला.

“आणखी कुणी?” पट्टीने विचारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पहिल्या कागदात तुझा जीव होता, यात नाही. मी अर्ध्या कामाला पास करत नाही. पण तो पहिला ठेवून जा. पुढच्या वर्षी स्टुलं बदलायची आहेत, तेव्हा लागेल.”

हरामखोर बाई! निदान ओरडायचं तरी.

फाटकाशी दादा स्कूटर घेऊन उभा होता. दुकान लवकर बंद करून आला होता, शर्टही धुतलेला.

“कसं झालं?”

“छान,” मी म्हणाले.

दादाचा चेहरा खुलला. “बघ, मी आईला म्हणालोच होतो,” असं म्हणत त्याने किक मारली, आणि मी त्याच्या मागे बसले.