कडेला

चेन्नईत सहा वर्षं काढूनही विद्युलताबाईंना तमिळ येत नव्हतं, आणि त्याची लाज वाटण्याऐवजी त्यांना त्याचं भूषणच वाटायचं. यजमान रेल्वेच्या डबे बांधायच्या कारखान्यात, बिऱ्हाड कॉलनीत, भाजीवालीशी सगळा व्यवहार खुणांवर. मराठी मंडळानं मे महिन्यात मुलांचं निसर्ग शिबिर काढलं आणि ते बाईंच्या हवाली केलं. बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: इथे फक्त मराठी. तोंडून तमिळ शब्द निघाला की पाच उठाबशा.

सगळ्यात जास्त उठाबशा काढल्या त्या रंजनीनं. सात वर्षांची काडीसारखी पोर. घराणं तंजावरकडचं; त्यांची मराठी दहा पिढ्या तमिळच्या शेजारी राहून अर्धी तमिळच झालेली. तीन दिवस पोरीनं उठाबशा काढल्या आणि चौथ्या दिवसापासून बोलणंच टाकलं. बाईंना वाटलं, चला, सुधारली.

शिबिराचा शेवट समुद्रावर व्हायचा होता. नीलांकरैच्या किनाऱ्यावर विश्वेश नावाचा कॉलेजातला मुलगा कासवांची अंडी बांबूच्या कुंपणात राखायचा. पिल्लं बाहेर आली की संध्याकाळी ती वाळूवर सोडायची आणि पाण्यापर्यंत त्यांची त्यांनी चालत जायचं. सुनामीला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आईबाप मुलांना वाळूत पाठवायलाही तयार नव्हते. बाईंनी घरोघर जाऊन शब्द दिला होता, एकाही मुलाचं पाऊल ओलं होणार नाही.

त्या संध्याकाळी बावीस मुलं आणि अकरा पिल्लं होती. विश्वेशनं वाळूत दोरी टाकली आणि मुलांना तिच्या अलीकडे बसवलं. पिल्लांची निळी बादली रंजनीच्या हातात दिली, कारण आठवडाभर शंखशिंपल्यांनासुद्धा तिच्याइतकं हळुवार कुणी हाताळलं नव्हतं. पण मुलंच ती. अमोघनं दोरी ओलांडली, त्याच्यामागून चौघं, आणि बादलीभोवती ही झुंबड उडाली. एकाचा पाय घसरून बादली कलंडता कलंडता राहिली.

"रंजनी, बादली घे आणि कडेला जा," बाई ओरडल्या. "मी सांगेपर्यंत हातातून सोडायची नाही."

रंजनी जागची हलली नाही. "बाई, कडलला?"

"हो, कडेला. कडलला नाही, कडेला. नीट बोल. जा लवकर."

पोरीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, बादली पोटाशी धरली आणि निघाली. बाई वळल्या त्या अमोघचा कान धरायलाच.

पाच-सात मिनिटं गेली असतील. मुलं पुन्हा दोरीमागे बसली, बाईंनी डोकी मोजली. एकवीस. पुन्हा मोजली. पूर्वेचा किनारा हा. सूर्य गावामागे बुडतो आणि अंधार आधी समुद्रावर पडतो. कुंपणाच्या कडेला कुणी नव्हतं. मागच्या बाजूला नव्हतं. होड्यांच्या आडोशालाही नव्हतं.

"रंजनी," त्यांनी हाक मारली. मग सगळ्यांनी मारली. वारा समुद्राकडून येत होता, हाका गावाकडेच जात होत्या.

नातीबरोबर आलेले, मागे वाळूत बसलेले तिचे आजोबा, वेंकोबाराव, काठी टेकत आले. "कोठें गेली लेकरू? काय सांगितलांत तिला?"

"काही नाही हो. कडेला जा म्हटलं. एवढंच."

म्हातारा थबकला. "कडेला," त्यांनी स्वतःशी म्हणून पाहिलं. "बाई, आमच्या घरांत कड कोणी म्हणत नाही. आम्ही 'ओरम' म्हणतों. तिला तो शब्दच ठाऊक नाही. तिनं 'कडल' ऐकली असेल." त्यांनी काठी पाण्याकडे केली. "कडल म्हणिजे समुद्र."

विचारलं होतं पोरीनं. समुद्रात जाऊ का, असं धडधडीत विचारलं होतं, आणि आपण हो म्हणालो, वर भाषा सुधारली. विद्युलताबाई धावत सुटल्या. चपला कुठे गळल्या ते त्यांना कळलं नाही. विश्वेश त्यांच्या पुढे होता, पण त्यानं चुकून उजवीकडचा वळसा घेतला आणि डावीकडे, फेसाच्या पलीकडे, बाईंना आधी बादली दिसली. बादलीखाली दोन हात. हातांखाली डोकं.

पोर छातीभर पाण्यात उभी होती. लाट आली की हनुवटीपर्यंत बुडायची. बादली मात्र डोक्यावर, सरळ.

"सोड ती बादली!" बाईंनी जिवाच्या आकांतानं ओरडून सांगितलं. "रंजनी, सोड!"

पोरीनं ऐकलं. तोंड वळवलं आणि मान हलवली, नाही. पिल्लांनी वाळूवर चालत जायचं असतं हे बाईंनीच शिकवलं होतं. पिल्लं अजून चाललीच नव्हती.

पायाखालची वाळू लाट खेचून नेत होती. साडी पायांत गुरफटत होती. बाई पडल्या, उठल्या, पुन्हा पडल्या, नाकातोंडात पाणी गेलं. समोरची लाट उंच होती. ती पोरीच्या डोक्यावरून जाणार हे बाईंना दिसत होतं, आणि पोर अजून दोन हात लांब होती. त्यांनी अंग झोकून दिलं, हाताला वेणी लागली, तिला धरून ओढलं, कमरेला मिठी मारली आणि दुसऱ्या हातानं बादली भिरकावून दिली. लाट दोघींवरून गेली. मग विश्वेशचा हात दंडावर बसला.

किनाऱ्यावर रंजनी खोकली, पाणी ओकली आणि श्वास परतताच बाईंना मारू लागली. छातीवर, तोंडावर, जिथे लागेल तिथे. "मी नाही सोडलीं. तुम्ही सोडलीं."

"हो. मी सोडली," बाई म्हणाल्या. त्यांनी तिला मारू दिलं.

दोरीमागची एकवीस मुलं उठून उभी राहिली होती. एकानंही दोरी ओलांडली नव्हती. बाईंनी त्यांना सांगितलं, "चूक तिची नाही, माझी आहे. तिनं मला विचारलं होतं. मी ऐकलं नाही." तिच्या आईलाही हेच सांगावं लागणार होतं, आणि त्यांनी ते तिथेच ठरवून टाकलं.

मारून मारून पोर दमली. आजोबांच्या पंच्यात गुंडाळलेली ती काळ्या पाण्याकडे बघत राहिली. मग तिनं तमिळमध्ये काहीतरी विचारलं, लांबलचक, एका दमात. बाईंना एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणाली?" त्यांनी वेंकोबारावांना विचारलं.

"विचारते, तीं इतकीं लहान आहेत, त्यांस पोहतां येतें का."

"येतं," विश्वेश म्हणाला. "जन्मल्यापासून येतं."

बाई गुडघ्यांवर बसल्या. "आणि तुला?"

आजोबांनी प्रश्न तमिळमध्ये सांगितला. रंजनीनं बाईंकडे पाहिलं आणि साध्या आवाजात म्हणाली, "मला नाही येत."

विद्युलताबाईंनी तोंडाला ओला पदर लावला, पण रडू काही थांबेना.