आपोआप सर

मी फुटबॉल खेळायचो तेव्हा नाशिकमध्ये लाउडस्पीकरवाला माझ्यासाठी खास आवाज राखून ठेवायचा. बॉल माझ्याकडे आला रे आला, की तो ‘गिरकीऽऽ’ असं लांबवून ओरडायचा. पाठीला समोरच्या संघाचा बॅक चिकटलेला असताना मी बॉलसकट जागच्या जागी असा काही वळायचो, की बॅक मलाच शोधत राहायचा. या एका गिरकीवर मी राज्याच्या संघात गेलो, खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला लागलो. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा मित्रांनी माझ्या नावापुढे ‘गिरकी’ छापलं होतं. सासऱ्यांना ते आडनाव वाटलं.

त्यामुळे गंगापूर रोडच्या आमच्या नवरंग क्लबने मुलींचा संघ काढला आणि कोच म्हणून मला बोलावलं, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला तर मुळीच नाही. एवढं खेळलेल्या माणसाला शिकवायला काय जड जाणार!

पहिल्याच दिवशी सई नावाच्या मुलीने विचारलं, “सर, बॉल दुसरीकडे असताना मी कुठे पळू?”

“मोकळ्या जागेत.”

“मोकळी जागा कुठे असते?”

“अगं, दिसते ना!”

“मला नाही दिसत.”

हिचे डोळे तपासून घ्यायला सांगावं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मी समंजस चेहरा केला. “खेळत राहा. आपोआप दिसेल,” म्हणालो.

पास कधी द्यायचा? आपोआप कळतं. हेडरला उडी कधी मारायची? आपोआप बसते. डाव्या पायाने किक जोरात कशी मारायची? हे बघ, मारत राहा. माझ्या दृष्टीने हे सगळं शिक्षणच चाललं होतं. आम्ही सामने मात्र ओळीने हरत होतो. मैदान ओबडधोबड आहे, रेफरी आंधळा आहे, मुली मोबाइलमध्ये बुडालेल्या आहेत, अशी कारणं मी क्लबच्या सेक्रेटरींना पुरवत होतो. मला नाचता येत होतं, नाचवता येत नव्हतं, आणि तरी अंगण वाकडंच होतं.

एकदा माझं डोकं सणकलं. “बाजूला व्हा, मी दाखवतो,” म्हणून मी पन्नाशीचं पोट सांभाळत मैदानात उतरलो. गिरकी घेतली. मी पुढे आलो, बॉल मागे राहिला आणि डावी मांडी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी राहिली. चार मुलींनी मला उचलून बाहेर आणलं. त्या संघाने एकत्र येऊन व्यवस्थित केलेली ती पहिलीच गोष्ट होती.

घरी बायको योगिनी मांडीला मलम चोळत होती. आमची निकिता समोर बसली होती. ती याच संघात पुढच्या फळीत खेळते. मैदानावर मला ‘सर’ म्हणते, घरी ‘बाबा’, आणि मी नसताना काय म्हणते ते तिच्या फोनवरून त्याच संध्याकाळी कळलं. संघाच्या ग्रुपचं नाव होतं ‘आपोआप एफसी’.

“बाबा, सव्वा महिन्यावर राज्याची निवड चाचणी आहे,” ती म्हणाली. “वय बघता ज्युनिअरमध्ये मला हा शेवटचाच चान्स आहे. मला गिरकी शिकवा. वळताना कुठला पाय आधी?”

मी विचार केला. खरंच केला. “पाय मी कधी बघितले नाहीत गं.”

“मग काय बघायचात?”

“काही नाही. व्हायचं ते...”

“आपोआप,” योगिनी खाली मान घालून म्हणाली.

निकिता हसली नाही. “मी पंचवटीच्या क्लबला जातेय. मुझफ्फर अंकलकडे.”

माझी मांडी ठणकायची थांबली, इतका मला राग आला. मुझफ्फर हा आमच्या वेळचा राखीव खेळाडू. मी सेंटर फॉरवर्ड आणि माझ्या जागेवर बदली हा. पण मी कधी बाहेरच आलो नाही, त्यामुळे हा कधी आत गेला नाही. आम्ही त्याला ‘बाकडं’ म्हणायचो. बाकडं कुठे आहे? बाकावर आहे. यावर आम्ही वर्षानुवर्षं हसलो. पुढे तो वकील झाला. संध्याकाळी पंचवटीतल्या मुलींना शिकवायचा आणि त्या मुली जिंकायच्या.

“माझी पोरगी त्या बाकड्याकडे शिकणार?” मी ओरडलो.

“तुमच्याकडे शिकली असती तर कशाला गेली असती?” योगिनी म्हणाली आणि मलमाचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी लंगडत मी मुझफ्फरच्या ऑफिसात गेलो. माझ्या मुलीला फितवू नकोस, हे बजावायला. तो अशिलाशी बोलत होता. त्याला वाटेला लावून त्याने मला खुर्ची दिली.

“बोल शेखर. मांडी कशी आहे?”

बातमी गोदावरी ओलांडून आधीच पोचली होती. मी भांडण सुरू करणार, तेवढ्यात तो म्हणाला, “निकिताने फोन केला होता. तिला गिरकी पाहिजे. मी म्हटलं, बाबाला विचारून ये. ती म्हणाली, बाबांना माहीत नाही.”

“माहीत नाही काय! मीच घ्यायचो!”

“मग सांग ना यार. कसा घ्यायचास?”

मी टेबलाखाली पाय हलवून बघितले. मांडी तेवढी ठणकली.

मुझफ्फर उठला, खुर्ची सरकवली आणि फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये उभा राहिला. “हे बघ. बॉल यायच्या आधी तू हळू व्हायचास. दमल्यासारखा. मग डाव्या खांद्यावरून एकदा मागे बघायचास, म्हणजे बॅकला वाटायचं, हा डावीकडून जाणार. तो तिकडे झुकला की उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने बॉल ओढायचास आणि उजवीकडून सुटायचास. आणि जीभ बाहेर काढायचास.”

“जीभ?”

“थोडी. डाव्या कोपऱ्यातून.”

एवढं बोलून त्या पोट सुटलेल्या वकिलाने माझी गिरकी घेतली. धड जमली नाही, पण ती माझी होती. ती मी पहिल्यांदाच बघत होतो.

“तुला हे सगळं कसं ठाऊक?”

“बाकावर दुसरं काय होतं बघायला?” तो खाली बसला. “खरं सांगू? मी तुझे घोटेच बघायचो. वाटायचं, एखादा मुरगळेल. मोठं काही नको रे, खुदा कसम, जरासा लचकला तरी पुरे. मला दहा मिनिटं मिळतील. त्या घोट्यांनी कधी दगा दिला नाही. पण बघून बघून पाठ झाले.”

आम्ही ‘बाकडं’ म्हणून हसत होतो तेव्हा हा माणूस माझे पाय पाठ करत होता. मला लाज वाटली. त्याहून जास्त हेवा वाटला, हेही सांगून टाकतो. मी स्वतःला इतकं नीट कधी बघितलं नव्हतं.

“ठेव तिला,” मी म्हणालो. “नीट शिकव.”

“तू पण ये. बाकावर बस माझ्याशेजारी.”

नवरंग क्लबने माझा राजीनामा मंजूर केला. सेक्रेटरींनी तो वाचायच्या आधीच मंजूर केला, असं मला वाटतं. त्यांनी हारसुद्धा आणला होता, तो आदल्या दिवशीचा असावा.

बाकावर बसणं सोपं नाही. एक तर फळी टोचते. शिवाय कुणी चुकलं की पाय आपलेच हलतात. पहिल्या दिवशी मी तीनदा उठून ओरडलो आणि तिन्ही वेळा मुझफ्फरने शर्ट धरून मला खाली बसवलं. “ओरडू नको, बघ.” हळूहळू मोकळी जागा मला दिसण्याऐवजी समजायला लागली. ती बॅक पुढे सरकल्यावर तिच्या पाठीमागे तयार होते. इतकं सोपं. सईला हे एका वाक्यात सांगता आलं असतं.

निवड चाचणीच्या सामन्यात उत्तरार्धापर्यंत निकिताला काही जमत नव्हतं. निवड समितीतला एक माणूस तर जांभई देत होता. मग बॉल तिच्याकडे आला. ती हळू झाली. मी मुझफ्फरचा हात धरला. तिने डाव्या खांद्यावरून मागे बघितलं, बॅक झुकली आणि आमची पोरगी उजवीकडून सुटली. जीभ बाहेर होती. थोडी, डाव्या कोपऱ्यातून. गोल झाला तेव्हा मी उडी मारली नाही, मांडीचा धसका होता. बसल्या जागी रडलो.

संध्याकाळी यादीत तिचं नाव आलं. एका यूट्यूब चॅनेलचा पोरगेलासा वार्ताहर माइक घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. “ताई, तो जो टर्न घेतला, तो नेमका कसा घेतला?”

मुझफ्फर सावरून बसला. रोज संध्याकाळी घसा कोरडा करून त्याने तिला पायरी-पायरीने शिकवलं होतं. मीही कान टवकारले.

निकिताने थोडा विचार केला. खरंच केला. मग खांदे उडवले. “काय माहीत. आपोआप झालं.”

मुझफ्फरने कपाळावर हात मारला. “गेली कामातून! आता ही कुणाला काही शिकवू शकणार नाही.”

मी डोळे पुसले आणि बाकावर जरा सरकून बसलो. कधी ना कधी तिलाही जागा लागणार होती.